राजा स्वारीवर आणि हिशोब घरी: क्रूसेडवरच्या तुमच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात तिसऱ्या क्रूसेडवर लेख आला होता, म्हणजे 1187 मध्ये इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलादीन याने जेरुसलेम जिंकल्यावर युरोपातल्या राजांनी ते परत घ्यायला जी स्वारी काढली तिच्यावर. त्यावर एवढे प्रश्न आलेत की पुढचे दोन अंक सहज भरतील. बरेचसे इंग्लंडच्या रिचर्डबद्दल आहेत, काही सरंजामशाहीबद्दल, एकसारखे होते ते मी एकत्र केलेत. एक आधीच सांगून टाकते, मी या काळाकडे पैशाच्या बाजूने बघते, कारण तलवार कोणी चालवली ते सगळेच लिहितात पण त्या तलवारीचे पैसे कोणाच्या घरातून गेले हे कोणी फारसं विचारत नाही आणि मला मनापासून वाटतं की तेव्हाचं इंग्लंड समजून घ्यायचं तर हाच प्रश्न धरून बसायला हवं.

प्रश्न: रिचर्डला इंग्लंडचा महान राजा म्हणतात पण तो इंग्लंडमध्ये राहिलाच नाही असं ऐकलंय. खरं आहे का? आणि मग राज्य चालवलं कोणी? (नाशिकहून एक वाचक)

खरं आहे. 1189 ते 1199 अशी दहा वर्षं तो राजा होता आणि त्यातले जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये होता. आधी 1189 च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, राज्याभिषेक करून घ्यायला आणि पैसे जमवायला, मग 1194 मध्ये मार्च ते मे, आणि त्यानंतर मरेपर्यंत परत कधीच नाही. पण लगेच नावं ठेवू नका, कारण तो नुसता इंग्लंडचा राजा नव्हता, नॉर्मंडीचा ड्यूक होता, अँजूचा काउंट होता आणि आई एलेनोरकडून आलेला अक्विटेन हा दक्षिण फ्रान्समधला मोठा मुलूख त्याच्याकडे होता, म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेपासून पार पिरेनीज डोंगरापर्यंत. दरबारात बोलायचे फ्रेंच. त्याचा बाप दुसरा हेन्री, त्याने 34 वर्षं राज्य केलं आणि त्यातला अर्ध्याहून जास्त काळ समुद्रापलीकडेच काढला, तेव्हा राजा बाहेर असणं लोकांना काही नवीन नव्हतं.

आता राज्य कसं चाललं, तर हिशोबाच्या जोरावर. एक्सचेकर नावाचं खातं होतं, त्यात दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावर चौकटीचौकटीचं कापड, आणि त्या चौकटीत सोंगट्या मांडून बेरीज वजाबाकी करायचे, म्हणजे ज्याला लिहितावाचता येत नाही त्या शेरीफलाही समोर दिसायचं की आपल्याकडून किती येणं आहे. शेरीफ म्हणजे प्रत्येक परगण्यातला राजाचा अधिकारी, त्याला वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमसला, इथे हजर व्हावं लागायचं. पैसे भरल्याची पावती म्हणजे हेझलच्या झाडाची काठी, रकमेप्रमाणे तिला खाचा पाडायच्या आणि मग उभी चिरून अर्धी एकाकडे अर्धी दुसऱ्याकडे, दोन्ही अर्ध्या जुळल्या की हिशोब खरा. वर्षाचा सगळा जमाखर्च चामड्याच्या गुंडाळ्यांवर लिहायचे, त्यांना पाइप रोल म्हणतात आणि 1130 पासूनच्या काही गुंडाळ्या आजही आहेत. (काठ्या मात्र 1834 मध्ये जुनाट म्हणून संसदेच्या भट्टीत जाळल्या आणि त्या आगीत संसदेचीच इमारत जळाली.)

आणि माणूस म्हणाल तर ह्यूबर्ट वॉल्टर. हा स्वतः क्रूसेडला जाऊन आलेला बिशप, नंतर कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि 1193 च्या शेवटापासून राजाच्या गैरहजेरीत सगळा कारभार त्याच्याकडे. 1194 मध्ये त्याने प्रत्येक परगण्यात कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, नेमायला लावले, आपल्याकडे मुंबईत कोरोनरचं कोर्ट होतं ते पद मुळात इथून सुरू झालेलं. 1195 पासून जमिनीच्या तडजोडीचा कागद तीन प्रतीत करायचा, दोन पक्षकारांना एकेक आणि तिसरी सरकारदप्तरी, हा नियमही त्याचाच. माझं मत विचाराल तर त्या वर्षांत इंग्लंडवर खरं राज्य याने केलं, रिचर्डने नाही, आणि पुतळा मात्र संसदेबाहेर घोड्यावर बसलेल्या रिचर्डचा आहे याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न: एवढी मोठी स्वारी काढायला पैसा आला कुठून? चर्चने दिला का? (रत्नागिरी आणि सोलापूरहून दोघांनी विचारलंय)

चर्चकडूनही घेतला, पण मुख्य पैसा लोकांचा. सुरुवात 1188 पासून, रिचर्डचा बाप जिवंत असताना. सलादीन दशांश नावाचा टॅक्स लावला, उत्पन्नाचा आणि जंगम मालाचा दहावा हिस्सा, म्हणजे गुरं, धान्य, घरातलं सामान सगळं धरून. सरदाराचा घोडा, शस्त्रं, कपडे आणि पाद्र्यांची पुस्तकं वगैरे सोडली होती. वसुली गावोगावच्या चर्चमध्ये, पाद्री आणि टेम्पलर, हॉस्पिटलर या लढवय्या साधूंच्या पंथांचे लोक समोर बसलेले, आणि कोणी कमी सांगतोय असा संशय आला तर त्याच गावचे चार किंवा सहा माणसं शपथेवर बोलावून त्यांच्याकडून आकडा काढून घ्यायचे. शेजाऱ्याने शेजाऱ्याची गुरं मोजायची! सगळ्या राज्यातल्या माणसांच्या उत्पन्नावर आणि मालावर एकसाथ एवढा टॅक्स इंग्लंडमध्ये याआधी बसला नव्हता आणि तो एकदा बसू शकतो हे सरकारला कळल्यावर पुढच्या राजांनी ती पद्धत सोडली नाही, म्हणून मी या 1188 ला फार महत्त्व देते.

मग रिचर्ड आला आणि त्याने विक्रीच काढली. शेरीफची पदं, जहागिरी, जंगलाचे हक्क, किल्ले, ज्याच्याकडे पैसे त्याला पद. स्कॉटलंडच्या राजाला, विल्यमला, 1174 मध्ये कैद करून बापाने त्याच्याकडून मांडलिकत्व लिहून घेतलं होतं, रिचर्डने 10 हजार मार्क घेऊन ते परत दिलं. मार्क म्हणजे नाणं नाही, हिशोबाचं माप, एका पौंडाचे दोन तृतीयांश. गिऱ्हाईक मिळालं तर लंडनसुद्धा विकेन असं तो म्हणाल्याचं त्याच काळातले लोक लिहून गेलेत. आणि हा पैसा गेला कुठे तेही पाइप रोलमध्ये आहे, जहाजं, खलाशांना दिवसाला 2 पेन्स आणि सुकाणूवाल्याला 4 पेन्स, खारवलेल्या डुकरांचं मांस, आणि डीनच्या जंगलातल्या लोखंडाच्या भट्ट्यांतून घोड्यांचे 50 हजार नाल. वीरश्रीच्या गोष्टी वाचताना हे नाल कोणी ठोकले ते जरा आठवत जा.

यातला एक भाग मला टाळता येणार नाही. इंग्लंडमधले ज्यू लोक राजाच्या ताब्यातले मानले जायचे, व्याजाने पैसे देणं हे जे थोडे धंदे त्यांना मोकळे होते त्यातलं एक, आणि राजा त्यांच्यावर मन मानेल तसा टॅक्स लावायचा. रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या दिवशीच लंडनमध्ये त्यांच्यावर हल्ले झाले. आणि मार्च 1190 मध्ये, क्रूसेडची हवा तापलेली असताना, यॉर्कमध्ये सुमारे दीडशे ज्यू बायका पोरांसह किल्ल्याच्या लाकडी बुरुजात आसऱ्याला गेले, बाहेर जमावाने वेढा घातला, 16 मार्चच्या रात्री बहुतेकांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा आपला जीव दिला आणि जे सकाळी अभय मिळेल या शब्दावर बाहेर आले त्यांना मारलं. पुढे काय झालं ते नीट बघा, जमावातले म्होरके तिथून थेट मोठ्या चर्चमध्ये गेले जिथे कर्जाचे कागद ठेवलेले होते आणि ते कागद जाळले. त्यातले काही जण स्वतः कर्जबाजारी होते. ज्यू सावकार मेला की त्याचं येणं राजाकडे जायचं, म्हणजे कागद जळाले तसं राजाचंही नुकसान झालं, म्हणून 1194 मध्ये हुकूम निघाला की असे सगळे करार दोन प्रतीत करायचे आणि एक प्रत सरकारी पेटीत राहील. माणसं पुन्हा मरू नयेत यासाठी नाही, कागद पुन्हा जळू नयेत यासाठी. शंभर वर्षांनी, 1290 मध्ये, त्यांच्याकडून काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं.

आणि सगळ्यात मोठं बिल स्वारी संपल्यावर आलं. अक्का हे बंदर जिंकलं तेव्हा ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डचा झेंडा तटावरून खाली फेकला गेला होता, लिओपोल्ड तो अपमान विसरला नाही, आणि डिसेंबर 1192 मध्ये वेष बदलून घरी परतणारा रिचर्ड व्हिएन्नाजवळ त्याच्याच हाती सापडला. लिओपोल्डने त्याला जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीकडे दिलं आणि खंडणी ठरली दीड लाख मार्क, म्हणजे एक लाख पौंड, राजाच्या इंग्लंडमधल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट. आता मालक कैदेत पडला तर त्याला सोडवायला पैसे देणं हे जमीन धरणाऱ्या सरदारांवर रिवाजाने बांधीलच होतं, त्यामुळे कोणाला नाही म्हणायची सोय नव्हती. पण सरदारांच्या पैशात भागणार नव्हतं म्हणून सगळ्यांच्या उत्पन्नाचा आणि मालाचा चौथा हिस्सा मागितला, चर्चची सोन्याचांदीची भांडी घेतली, सिस्टर्सियन पंथाच्या साधूंकडे सोनं नव्हतं तर त्यांच्या मेंढ्यांची त्या वर्षाची सगळी लोकर घेतली. पेट्या लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये शिक्के मारून ठेवल्या, आणि सत्तरीच्या घरातली एलेनोर, राजाची आई, कडाक्याच्या हिवाळ्यात मुलाला सोडवायला जर्मनीला गेली. 4 फेब्रुवारी 1194 ला तो सुटला. लिओपोल्डच्या वाट्याच्या चांदीतून व्हिएन्नाचा तट वाढवला आणि वीनर नॉयश्टाट हे नवं शहर वसवलं, ते शहर आजही आहे, म्हणजे इंग्लंडच्या मेंढपाळांच्या घामाचे पैसे तिथे भिंतीत गेलेत.

प्रश्न: रिचर्ड आणि सलादीन समोरासमोर भेटले होते का? (अमरावती)

नाही, एकदाही नाही. बोलणी व्हायची ती सलादीनचा भाऊ अल-आदिल याच्यामार्फत, आणि आजारी रिचर्डला सलादीनने फळं आणि बर्फ पाठवल्याचं सलादीनच्याच पदरी असलेल्या बहाउद्दीनने लिहून ठेवलंय. पण या दिलदारीच्या गोष्टी सांगताना 20 ऑगस्ट 1191 सांगायचा राहून जातो. अक्का शरण आल्यावर पैसे आणि कैद्यांची अदलाबदल ठरली होती, सलादीनकडून पहिला हप्ता वेळेत आला नाही असं म्हणून रिचर्डने सुमारे 2700 मुसलमान कैदी शहराबाहेर नेऊन त्यांच्याच सैन्याच्या डोळ्यांदेखत कापले. सलादीननेही चार वर्षांपूर्वी हत्तीनच्या लढाईनंतर टेम्पलर आणि हॉस्पिटलर पंथाचे कैदी मारवले होते, पण एकाने केलं म्हणून दुसऱ्याचं माफ होत नाही. शेवटी 2 सप्टेंबर 1192 ला तह झाला, तीन वर्षांचा, किनारपट्टीचा पट्टा ख्रिश्चनांकडे, जेरुसलेम सलादीनकडे, आणि यात्रेकरूंनी शस्त्र न घेता खुशाल यावं. रिचर्ड स्वतः त्या शहरात कधी गेलाच नाही.

प्रश्न: ताई, आमच्या पुस्तकात सरंजामशाहीचा पिरॅमिड आहे, वर राजा, खाली बॅरन म्हणजे मोठे जहागीरदार, खाली नाइट म्हणजे घोडेस्वार लढवय्ये, सगळ्यात खाली शेतकरी. परीक्षेत तेच काढतो. तो बरोबर आहे का? (लातूरहून कॉलेजमधला विद्यार्थी)

परीक्षेत काढ, मार्क मिळतील, पण खरी परिस्थिती एवढी नीट नव्हती हे मनात ठेव. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि तिथे सगळी जमीन शेवटी राजाची, बाकी सगळे ती त्याच्याकडून धरतात हे तत्त्व बसवलं, 1086 मध्ये 13 हजारांवर गावांची मोजणी करून कोण कोणाकडून काय धरतो ते लिहून घेतलं. इथपर्यंत पिरॅमिड चालतो. पण एकच माणूस एका गावासाठी राजाचा, दुसऱ्या गावासाठी एखाद्या बिशपचा आणि तिसऱ्यासाठी शेजारच्या बॅरनचा बांधील असायचा, मग या तिघांत भांडण झालं तर तो कोणाचा? मठ आणि चर्चही जमिनीच्या बदल्यात नाइट पुरवायचे. आणि वर्षातले 40 दिवस नाइटने मालकासाठी लढायचं हा जो नियम आपण शिकतो, त्याने समुद्रापलीकडची लढाई होते का सांग, 40 दिवस तर जाण्यातच संपतील. म्हणून 12 व्या शतकातच राजे म्हणायला लागले की तू येऊ नकोस, पैसे दे, त्या रकमेला स्क्युटेज म्हणायचे आणि त्यातून पगारी सैनिक ठेवायचे. 1166 मध्ये दुसऱ्या हेन्रीने सगळ्या बॅरनना पत्र पाठवून विचारलं की तुमच्याकडे किती नाइट बसवलेत, जुने किती नवे किती. बॅरननी बिचाऱ्यांनी खरं लिहून दिलं आणि राजाने वाढीव आकड्यावर वसुली मागितली.

खरा जाच लढाईत नव्हता, तो घरात मृत्यू झाला की सुरू व्हायचा. बाप गेला की मुलाने जमीन आपल्या नावे करायला राजाला नजराणा द्यायचा, मुलगा लहान असेल तर तो वयात येईपर्यंत जमिनीचं सगळं उत्पन्न राजाकडे आणि मुलाचं लग्न कोणाशी हेही राजा ठरवणार, आणि हे पालकत्व राजा तिसऱ्या कोणाला विकूही शकायचा. हा भाग पिरॅमिडमध्ये दिसत नाही, पण बॅरन लोक ज्या गोष्टीवरून पेटून उठले ती ही आहे.

याच पद्धतीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आलाय, म्हणून सांगते. 1661 च्या लग्नाच्या कराराने पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात दिली हे सगळ्यांना माहीत असतं. 27 मार्च 1668 च्या सनदेने राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली तेव्हा वर्षाला 10 पौंड सोन्यात भरायचे ठरले आणि सनदेत लिहिलं की कंपनीने मुंबई केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीतली जमीन असल्यासारखी धरावी. लढाईची चाकरी आणि पालकत्वाचा जाच इंग्लंडच्या संसदेने 1660 मध्येच बंद केला होता, राहिलं होतं फक्त साधं भाडं देऊन राजाकडून जमीन धरणं, तर त्याच कायद्याने माहीमपासून कुलाब्यापर्यंतची बेटं लंडनजवळच्या एका गावाच्या दफ्तरात बसवली गेली.

प्रश्न: या सगळ्यात बायका कुठे होत्या? एलेनोर सोडली तर कोणाचं नावच येत नाही. (कोल्हापूर)

तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. बायका कागदपत्रांत भरपूर आहेत, वीरकथांमध्ये नाहीत. 1185 मध्ये राजाने परगण्यापरगण्यातून यादीच करून घेतली होती की कोणत्या विधवा आणि कोणती पोरकी मुलं आपल्या हातात आहेत, त्यांचं वय काय, जमीन किती, गुरं किती. म्हणजे लग्नात देण्यासारखा माल किती आहे याचा स्टॉक. एक उदाहरण देते, ऑमेलची काउंटेस हॅविस, मोठ्या इस्टेटीची एकुलती वारस. 1180 मध्ये विल्यम द मँडव्हिलशी लग्न, तो 1189 मध्ये गेला आणि लगेच रिचर्डने तिला सांगितलं की माझ्या क्रूसेडच्या आरमाराचा एक सेनापती आहे, विल्यम द फोर्झ, त्याच्याशी लग्न कर. ती नाही म्हणाली. राजाने तिच्या जमिनीवरचा माल जप्त करून विकायला काढला, तेव्हा तिला मान तुकवावी लागली. तो 1195 मध्ये वारला तर तिसरा नवरा दिला, बेथ्यूनचा बाल्डविन. 1212 मध्ये तोही गेला आणि तोवर रिचर्डचा भाऊ जॉन गादीवर आलेला, तेव्हा या बाईने राजाला 5 हजार मार्क कबूल केले, कशासाठी तर तिच्या वारशाच्या आणि नवऱ्यांकडून आलेल्या जमिनी तिच्याकडे राहाव्यात आणि आपलं परत लग्न लावलं जाऊ नये यासाठी. स्कॉटलंडच्या राजाने मांडलिकत्व सोडवायला दिले होते त्याच्या निम्मे पैसे एका बाईने एकटं राहण्यासाठी! 1215 च्या मॅग्ना कार्टातलं, म्हणजे बॅरननी जॉनकडून लिहून घेतलेल्या हक्कांच्या सनदेतलं, आठवं कलम म्हणतं की विधवेला तिच्या इच्छेविरुद्ध लग्न करायला भाग पाडू नये, आणि मला ते कलम वाचताना दर वेळी हॅविस आठवते.

प्रश्न: रॉबिन हूड रिचर्डच्या वेळी होता ना? (ठाणे, आठवीतली मुलगी)

बाळा, रॉबिन हूडची सगळ्यात जुनी जी गाणी आहेत त्यातल्या राजाचं नाव एडवर्ड आहे, रिचर्ड नाही. त्याला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं ते स्कॉटलंडच्या जॉन मेजर नावाच्या इतिहासकाराने 1521 मध्ये, आणि मग सगळ्यांनी तेच धरलं. तो खरोखर होऊन गेला याचा पक्का पुरावा नाही. पण गोष्ट मजेने वाच.

प्रश्न: रिचर्ड चांगला आणि भाऊ जॉन वाईट, हे कितपत खरं? मॅग्ना कार्टा जॉनच्या वाईटपणामुळे झाला ना? (बेळगावहून निवृत्त शिक्षक)

सर, जॉनची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, तो माणूस क्रूर होता, स्वतःच्या पुतण्याला कैदेत घातलं आणि तो पोरगा परत कोणाला दिसला नाही. पण बिलाचा हिशोब केला तर निम्मं तरी मोठ्या भावाच्या नावावर पडतं. राज्य आधी क्रूसेडसाठी पिळलं, मग खंडणीसाठी, मग फ्रान्सच्या फिलिपशी लढण्यासाठी, एकट्या शातो गायार या किल्ल्यावर 1196 ते 1198 मध्ये 12 हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला. 1199 मध्ये फ्रान्समधल्या शालू या गावी बाणाची जखम चिघळून रिचर्ड मेला आणि जॉनच्या हाती आलं ते दमलेलं राज्य. 1204 मध्ये नॉर्मंडी गेली, शातो गायारही गेला, आणि ती परत मिळवायच्या ध्यासात जॉनने तीच हत्यारं आणखी जोरात चालवली. स्क्युटेज त्याने 11 वेळा लावलं. 1207 मध्ये उत्पन्नाचा आणि मालाचा तेरावा हिस्सा मागितला, त्यातून 57 हजार पौंडांवर रक्कम आली. निकोलस द स्टुटव्हिल नावाच्या एका सरदाराकडून वारसा नजराणा म्हणून 10 हजार मार्क कबूल करून घेतले, म्हणजे साडेसहा हजार पौंडांपेक्षा जास्त, हे कोणाकडून फिटणार? ते फिटावं हा हेतूच नव्हता, माणूस कायम देणेकरी राहिला की मुठीत राहतो. आणि 27 जुलै 1214 ला बूव्हीनच्या लढाईत जॉनची मित्रसेना हरली, सगळा पैसा पाण्यात गेला, तेव्हा बॅरन उठले.

म्हणून 15 जून 1215 च्या त्या सनदेत सुरुवातीची बरीचशी कलमं याच गोष्टींची आहेत. वारसा नजराणा बॅरनला 100 पौंड, नाइटच्या जमिनीला जास्तीत जास्त 100 शिलिंग. पालकाने लहान वारसाच्या जमिनीची नासाडी करू नये. स्क्युटेज घ्यायचं तर राज्याच्या सल्ल्याने, अपवाद तीनच, राजाची सुटका, थोरल्या मुलाला नाइट करणं आणि थोरल्या मुलीचं पहिलं लग्न, आणि तेही वाजवी. कोणाही स्वतंत्र माणसाला कायद्याशिवाय कैद करू नये हे 39 वं कलम आपण भाषणात ऐकतो, ते पार मागे आहे. आणि क्रूसेड इथेही आहेच बरं का, जॉनने त्याच वर्षी 4 मार्चला क्रूसेडची शपथ घेऊन ठेवली होती, त्यामुळे बाप आणि भाऊ यांनी बळकावलेल्या जमिनींच्या तक्रारी क्रूसेडरला मिळते ती मुदत संपेपर्यंत लांबणीवर टाकायची सवलत त्याला 52 व्या आणि 53 व्या कलमात मिळाली. तो गेला नाहीच, आणि पोपने दहा आठवड्यांत सनद रद्द केली. ती टिकली ती जॉन मेल्यावर, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने कारभार बघणाऱ्या विल्यम मार्शलने 1216 आणि 1217 मध्ये सुधारून परत काढली म्हणून, आणि 1225 मध्ये जी निघाली तीही पंधराव्या हिश्शाच्या टॅक्सच्या बदल्यात.

प्रश्न: मग शेतकऱ्याला यातून काय मिळालं? (धुळे)

थेट असं फार थोडं. 39 वं कलम स्वतंत्र माणसांसाठी, आणि खेड्यातली खूप मोठी संख्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची होती. त्यांनी मालकाच्या शेतात आठवड्यातले काही दिवस वेठ करायची, मुलीच्या लग्नाला मालकाला पैसे द्यायचे, घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं, आणि गाऱ्हाणं मांडायचं तेही मालकाच्याच कोर्टात. क्रूसेडला गेलं तर टॅक्स माफ ही सवलतही यांच्यासाठी नव्हती, 1188 च्या हुकुमात स्पष्ट आहे की शहरातला किंवा खेड्यातला माणूस मालकाच्या परवानगीशिवाय शपथ घेऊन निघाला तरी त्याने दशांश भरायचाच. पाद्री आणि नाइट शपथ घेऊन निघाले तर त्यांना मात्र स्वतःच्या माणसांचा दशांश आपल्याच खर्चाला मिळायचा, म्हणजे मालकाची यात्रा कुळांच्या पैशावर.

त्यांची परिस्थिती बदलली ती सनदेने नाही, 1348 च्या प्लेगने. माणसंच उरली नाहीत तर मजुराला भाव आला, सरकारने 1351 मध्ये मजुरी जुन्या दरावर बांधायचा कायदा केला, आणि 1381 मध्ये डोईपट्टी वसूल करायला लोक आले तेव्हा एसेक्स आणि केंटचे शेतकरी लंडनवर चालून गेले. वाटेत त्यांनी जागोजागी मालकांच्या कोर्टाची दफ्तरं जाळली, कोणावर काय वेठ आहे ते त्यात लिहिलेलं होतं. 14 वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने त्यांना मुक्तीच्या सनदा लिहून दिल्या आणि त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेल्यावर त्या सगळ्या परत घेतल्या. वेठबिगारी बंद करणारा असा एक कायदा इंग्लंडमध्ये झालाच नाही, ती हळूहळू भाड्यात बदलत गेली, आणि 1574 मध्ये राणी एलिझाबेथने आपल्या खासगी जमिनीवरचे उरलेसुरले बांधील शेतकरी मोकळे करायला अधिकारी नेमले तेव्हाही त्या प्रत्येकाकडून सुटकेचे पैसे घ्यायचं ठरलं होतं.